मृणाल नावासाठी वापरून पाहिलेल्या सेवा: अमेरिकन सरकारची बाळनावांची यादी, उच्चारांचं संकेतस्थळ आणि पैसे घेणारं अ‍ॅप

अमेरिकेत मूल होणार असेल आणि मनातलं नाव इथे किती मुलांना आहे हे पाहायचं असेल, तर कोणत्याही अ‍ॅपला पैसे देऊ नका. इथलं सामाजिक सुरक्षा खातं, म्हणजे सोशल सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, दर वर्षी मे महिन्यात मदर्स डेच्या सुमारास बाळनावांची आकडेवारी जाहीर करतं. ती फुकट आहे आणि अस्सल आहे. फक्त ती वाचायची कशी हे माहीत असायला हवं, नाहीतर आपल्यासारख्यांची त्यातून हमखास दिशाभूल होते. मी ती एका नावासाठी पिंजून काढली. मृणाल.

मी सांगलीची, नवरा कोलकात्याचा, घर न्यू जर्सीत. मुलगा की मुलगी हे आधी विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं, म्हणून दोघांनाही शोभेल असं नाव हवं होतं. मराठीला हे नवीन नाही. सुहास जोशी अभिनेत्री, तर सुहास शिरवळकर कादंबरीकार. किरण आणि स्नेहल ही नावं आमच्या शाळेत मुलांतही होती, मुलींतही. पण बंगाली घरात यांतलं एकही नाव आपलं वाटलं नसतं. मृणाल मात्र दोन्ही घरांत आधीपासून होतं.

माझ्या आईला मृणाल म्हटलं की मृणालताई गोरे आठवतात. गोरेगावच्या पाणीवाल्या बाई, महागाईविरुद्ध बायकांचे लाटणं मोर्चे काढणाऱ्या. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या तेव्हाची 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आई अजून म्हणून दाखवते. माझ्या सासऱ्यांना मृणाल म्हटलं की 'भुवन शोम'वाले दिग्दर्शक मृणाल सेन. म्हणजे एका घरात बाईचं नाव, दुसऱ्या घरात पुरुषाचं. त्यातही बंगालीत ते फक्त पुरुषांचंच आहे असं नाही, कारण रवींद्रनाथांच्या १९१४ सालच्या 'स्त्रीर पत्र' या कथेची नायिका मृणालच आहे. हिंदीत पत्रकार मृणाल पांडे आहेत. संस्कृतात मृणाल म्हणजे कमळाचा देठ किंवा त्यातला तंतू, आणि शब्द बहुतेक वेळा नपुंसकलिंगी चालतो. हे कळल्यावर मला ते नाव आणखीच आवडलं.

आई फोनवर म्हणाली, "अगं, मुलगा झाला तर मृणाल ठेवणार? इकडे सगळे मुलगीच समजतील." नवऱ्याच्या आईला नेमकी उलटी काळजी होती. दोघींचंही खरं होतं. मग प्रश्न उरला तो ज्या देशात मूल वाढणार त्या देशाचा. इथे हे नाव आहे का, कुणाचं आहे, आणि लोक ते कसं उच्चारतात?

आता यादीविषयी. तिची सुरुवात १९९७ सालची. खात्यातले एक गणिती, मायकेल शॅकलफर्ड, यांना स्वतःचं नाव फार जणांना असण्याचा कंटाळा आला होता. आपल्या मुलाला तरी तसं नाव नको म्हणून त्यांनी सोशल सिक्युरिटी कार्डांच्या, म्हणजे खातं देतं त्या ओळखक्रमांकाच्या कार्डांच्या, नोंदींतून नावांची क्रमवारी काढली. मायकेल हे नाव १९५४ ते १९९८ या काळात १९६० चा अपवाद सोडला तर मुलांच्या यादीत सतत पहिलं होतं, तेव्हा त्यांची तक्रार रास्तच म्हणायची. आज त्या पानावर नाव टाकलं की ते कोणत्या वर्षी कितव्या क्रमांकावर होतं ते दिसतं. पण हा शोध पहिल्या १००० नावांपुरताच चालतो. लियम किंवा ऑलिव्हिया ठेवणाऱ्यांना तेवढं पुरे. मृणाल टाकलंत तर हे नाव पहिल्या हजारात नाही एवढंच उत्तर येतं, आणि बरेच पालक तिथेच थांबतात. थांबू नका.

त्याच पानावर संपूर्ण देशाची माहिती एका दाबलेल्या (झिप) फाइलमध्ये उतरवून घेता येते. उघडली की १८८० पासून प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल मिळते. साधा मजकूर असतो, कोणत्याही संगणकावर उघडतो. एका ओळीत तीन गोष्टी, म्हणजे नाव, स्त्री की पुरुष याचं एक अक्षर, आणि आकडा. १८८० च्या फाइलची पहिलीच ओळ मेरी, स्त्री, ७०६५ अशी आहे. आधी सगळ्या मुली, उतरत्या क्रमाने, मग सगळे मुलगे. दोघांनाही ठेवलं जाणारं नाव एकाच वर्षात दोनदा भेटतं, वरच्या भागात एकदा आणि खालच्या भागात एकदा. दोन आकडे शेजारी मांडले की ते नाव त्या वर्षी कुणाकडे झुकलं होतं ते लगेच दिसतं. इतकी स्वच्छ मांडणी मी कोणत्याही सशुल्क सेवेत पाहिली नाही. राज्यवार फाइली १९१० पासूनच्या आहेत.

या सेवेची मला सगळ्यात आवडलेली बाजू म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी कधी कार्डासाठी अर्जच केला नाही, त्यामुळे ते यादीत नाहीत, हे तिथेच लिहिलेलं आहे. स्त्री-पुरुष या रकान्यात चुका असू शकतात, हेही लिहिलेलं आहे. अर्जावर 'बेबी' किंवा 'अननोन' असं लिहिलेलं असेल तर तेही काढून टाकलेलं नाही, हेसुद्धा. ज्याला आकड्यांची कदर आहे त्याला हे वाचून बरं वाटतं.

पण दुर्मिळ, दोघांनाही चालणाऱ्या आणि त्यातून भारतीय नावासाठी या यादीच्या अटी एकत्र वाचाव्या लागतात. इथे मी थोडी सविस्तर लिहिते, कारण हे कुणी समजावून सांगत नाही.

पहिली अट, एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलांना असलेलं नाव छापलं जात नाही. खाजगीपणासाठी, आणि ते योग्यच आहे. दुसरी, ही मोजणी मुलींची वेगळी आणि मुलग्यांची वेगळी होते. तिसरी, स्पेलिंग बदललं की यादीच्या दृष्टीने नाव बदललं. उच्चार एकच आहे का, मूळ एकच आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आता मृणालचं काय होतं बघा. रोमन लिपीत त्याची निदान दोन स्पेलिंग्ज चालतात, एम-आर नंतर आय असलेलं आणि एम-आर नंतर यू असलेलं. दोन स्पेलिंग्ज गुणिले मुलगा-मुलगी असे चार कप्पे झाले. समजा एका वर्षी प्रत्येक कप्प्यात चार-चार बाळं जन्मली. देशात त्या वर्षी सोळा मृणाल आले, आणि यादीत एकही दिसणार नाही. राज्याच्या फाइलीत तर हीच पाचाची अट राज्यापुरती लागते, त्यामुळे तिथे आणखी कमी.

चौथी अट आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. यादीत फक्त अमेरिकेत झालेले जन्म आहेत. नोकरीसाठी किंवा शिकायला आलेल्यांना कार्ड मिळतं, पण त्यांचा जन्म इथला नसल्याने ते या मोजणीत नाहीत. इथल्या एडिसन गावच्या गणेशोत्सवात 'मृणाल' अशी हाक मारली तर वळून बघणाऱ्या सगळ्या मृणाल पुण्या-नागपुरात जन्मलेल्या असू शकतात, आणि यादीच्या लेखी त्या नसतीलच. तेव्हा यादीत नाही म्हणजे देशात नाही असं अजिबात नाही. यादी एवढंच सांगते की इथे जन्मलेल्या मुलांना, अमुक स्पेलिंगने, हे नाव वारंवार दिलं जात नाही. मला नेमकं तेवढंच हवं होतं. शाळेत वर्गात दुसरी मृणाल असण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे कळलं.

उलट दिशेनेही फसगत होते, आणि त्याचं उत्तम उदाहरण आर्या. मराठीत आर्य मुलगा आणि आर्या मुलगी, दोघांचं रोमन स्पेलिंग एकच. त्यात २०११ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका सुरू झाली, त्यातल्या धीट मुलीचं नाव तेच, आणि मुलींच्या यादीत ते नाव भराभर वर गेलं. तो आकडा पाहून 'आपलं नाव अमेरिकेत किती लोकप्रिय आहे' असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. त्या एका ओळीत देशपांड्यांची आर्या आणि मालिका पाहून ठेवलेली आर्या एकत्र मोजल्या आहेत. त्या वेगळ्या करण्याची सोय यादीत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय इंग्लंड आणि वेल्सची यादी १९९६ पासून देतं आणि तीन किंवा अधिक बाळांना असलेलं नाव छापतं. त्यामुळे दुर्मिळ नावांसाठी ती यादी अमेरिकेच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी आहे. स्पेलिंगचा नियम मात्र तोच. तिथे मुहम्मद हे नाव २०२३ च्या बाळांत मुलग्यांमध्ये पहिलं आलं, आणि तेही एकाच स्पेलिंगच्या जोरावर. त्याच नावाची बाकीची स्पेलिंग्ज खाली वेगळी मोजलेली आहेत.

भारतात जन्मनोंदणी १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि ते एका अर्थाने पालकांसाठी दयाळू आहे. आधी जन्म नोंदवायचा, नाव बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. बारसं सावकाश करा, नावावर भांडा, मग कळवा. इथे हॉस्पिटलातून घरी जाण्याआधीच नावाचा फॉर्म पुढे येतो, आणि त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी कार्डासाठी खूण करायची असते. यादीतली नोंद तिथून जन्माला येते. म्हणून स्पेलिंगचा निर्णय घरून करून जा, हा माझा कळकळीचा सल्ला. प्रसूतीनंतर दमलेल्या अवस्थेत आय की यू यावर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे फोन घेणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

पैसे घेणारं एक अ‍ॅपही आम्ही घेतलं होतं. त्याचं नाव देत नाही. त्यात मृणालला 'लोकप्रियता' म्हणून एक रंगीत पट्टी होती. आकडा कोणत्या देशाचा, कोणत्या सालचा, कुठून आणला, काहीच लिहिलेलं नव्हतं. उच्चाराचं बटण दाबलं की यंत्राचा आवाज 'मरीनल' असं काहीतरी म्हणायचा. नाव मुलीचं म्हणून कायमचं गुलाबी रंगात. बंगालच्या निम्म्या घरांना हे कुणी सांगायचं? आणि भारतात बाळनावांची अधिकृत राष्ट्रीय क्रमवारी सरकार प्रसिद्धच करत नाही, तरी अशी अ‍ॅप्स 'भारतातलं स्थान' बेधडक छापतात. असा आकडा कुठेही दिसला तर आधी उगम विचारा. उगम नसेल तर तो आकडा धरून बाळाचं नाव ठेवू नका.

आता उच्चार. हा विषय माझ्या जास्त जवळचा आहे, कारण रविवारी मी इथल्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवते.

मृणालमधला पहिला स्वर ऋ. आपण मराठीत तो 'रु'सारखा म्हणतो, म्रुणाल. गुजरातीतही तसंच. हिंदी आणि बंगालीत तो 'रि' होतो, म्रिणाल. बंगालीत पुढचा ण सुद्धा बोलताना न होतो, म्हणून माझ्या सासरी ऐकू येतं ते 'म्रिनाल'. यातला कोणताही उच्चार चुकीचा नाही, आणि हा फरक एका नावापुरताही नाही. आपली अमृता खानविलकर इंग्रजीत यू लिहिते, पंजाबीतल्या अमृता प्रीतम आय लिहायच्या. ऋतुजा, कृपा, संस्कृत, सगळीकडे हीच वाट फुटते. गंमतीची गोष्ट अशी की मराठी माणसंसुद्धा लिहिताना एकमत नाहीत. मृणाल गोऱ्यांचं नाव इंग्रजीत बहुधा आय घालून छापलेलं दिसतं, मृणाल कुलकर्णींचंही. धुळ्याच्या मृणाल ठाकूर मात्र यू लिहितात. बोलताना आपण तिघींनाही म्रुणालच म्हणतो. म्हणजे स्पेलिंगवरून उच्चार ओळखता येईल ही आशा आपल्या घरातच टिकत नाही, तर ती परक्याकडून कशी धरायची?

इंग्रजी बोलणाऱ्याची अडचण याहून वेगळी आहे आणि ती समजून घेतली की राग येत नाही. इंग्रजीत म आणि र यांच्या जोडाक्षराने एकही शब्द सुरू होत नाही. त्यामुळे जीभ मध्ये एक स्वर घालते, म-रू-नल किंवा म-री-नल. जोर मधल्या अक्षरावर जातो आणि शेवटचा 'णाल' आखूड होतो. ण तर त्यांच्याकडे नाहीच. शास्त्रीय रोमन लेखनात या नावाला खाली दोन टिंबं आणि आ वर आडवी रेघ लागते, पण इथल्या यादीच्या फाइलीत टिंबं नाहीत, रेघा नाहीत, नुसती सव्वीस अक्षरं. कॅलिफोर्नियात तर अनेक वर्षं जन्मदाखल्यावरही टिंबं-रेघा चालत नसत. कागद उच्चार वाहून नेणार नाही हे एकदा मान्य केलं की मग आवाजाची सोय बघायची.

त्यासाठी मी फोर्व्हो वापरते आणि ते मनापासून सुचवते. २००८ पासून चालू असलेलं, स्पेनमधल्या सान सेबास्तियानहून चालणारं हे संकेतस्थळ आहे. तिथे यंत्र बोलत नाही, माणसं बोलतात. प्रत्येक जण आपल्या मातृभाषेतला शब्द स्वतःच्या आवाजात भरतो, बोलणारा कोणत्या देशाचा ते दिसतं, आणि ऐकणारे त्याला मत देतात. एखादा शब्द नसेल तर मागणी नोंदवता येते. माझ्यासाठी त्याचा खरा गुण असा की एकच नाव मराठीखाली वेगळं आणि बंगालीखाली वेगळं नोंदवता येतं. एकच 'बरोबर' उच्चार असल्याचा आग्रह तिथे नाही. रेकॉर्ड करताना ण स्पष्ट म्हणा, आणि नाव दोनदा म्हणा, एकदा सावकाश, एकदा हाक मारल्यासारखं. ऐकणाऱ्याला दुसऱ्या वेळीच लय कळते. मराठी आवाज तिथे आणखी हवेत. ज्यांची नावं ऋतुजा, हृषीकेश, ज्ञानदा, वैष्णवी आहेत त्यांनी खरंच थोडा वेळ काढावा.

मोठ्यांसाठी लिंक्डइनवर २०२० पासून नावाचा उच्चार भरायची सोय आहे, दहा सेकंदांची. बाळाला त्याचा उपयोग नाही, पण आईबापांनी आपलं नाव तिथे भरलं की सहकाऱ्यांना आपल्या घरातल्या उच्चारांची सवय लागते. माझ्या बाबतीत लागली. पाळणाघरासाठी मी वेगळी युक्ती केली. प्रवेशाच्या अर्जासोबत आम्हा दोघांच्या आवाजातलं नाव पाठवलं, आणि शेजारी इंग्रजीत तोडून लिहिलं. तिथल्या बाईंनी ते ऐकून म्हणायचा प्रयत्न केला. म आणि र मध्ये त्यांचा छोटासा स्वर अजून येतो, पण 'णाल' आता लांब येतो. मला तेवढं पुरेसं आहे.

सरकारी यादीला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापते तो दोन गोष्टींसाठी. मोठ्या फाइली शोध-पानाच्या मानाने फारच आडबाजूला ठेवल्या आहेत, आणि मुलगा-मुलगी मिळून पाचाची अट पूर्ण होत असेल तर एकत्रित आकडा द्यायला हरकत नसावी. त्याने कुणाचा खाजगीपणा मोडत नाही आणि दोघांनाही चालणारी नावं दिसायला लागतील. फोर्व्होला चार. मराठी नोंदी वाढल्या की पाच. त्या अ‍ॅपला शून्य.

आमच्याकडे मुलगा झाला. नाव मृणाल, स्पेलिंग आयवालं, कारण आडनाव बंगाली आहे आणि त्याच्याशेजारी यू कुणालाच रुचलं नाही. आई त्याला म्रुणाल म्हणते, आजोबा म्रिनाल, आणि दोन्ही हाकांना तो वळतो. येत्या मे महिन्यात त्याच्या जन्मवर्षाची फाइल येईल तेव्हा मुलग्यांच्या भागात मी ते स्पेलिंग शोधणार आहे. दिसायला देशात त्या वर्षी आणखी किमान चार मुलगे हवेत. तुमच्याकडे असतील तर त्यांनाही आयवालंच ठेवलं आहे का, ते जरूर कळवा.